रशियासाठीचं शेपूट

सायरस हॅस्ब्रुकने हॉलिवूडमध्ये माणसं मारायला सुरुवात केली, तेव्हा त्याचं वय तिशीच्या आत होतं. त्याने बायका नदीत बुडवल्या, तरुण मुलांना आगगाडीखाली घातलं. एका म्हाताऱ्या बापाला तर त्याने खुर्चीत बसल्या बसल्या संपवलं, आणि त्या बापाच्या चेहऱ्यावर पडणारा खिडकीचा उजेड नीट जमावा म्हणून त्याला तीनदा परत जिवंत केलं. एवढं करूनही पडद्यावर त्याचं नाव कधी आलं नाही. त्याचं खरं दुःख ते होतं. मेलेल्यांबद्दल त्याची काही तक्रार नव्हती.

तो ‘सिल्व्हर एकर’ कंपनीत होता. लिंबांच्या बागांना लागून पत्र्याच्या चार शेड आणि उघड्या माळावर एक लाकडी चौथरा, एवढाच त्या कंपनीचा पसारा. मालक ऑगस्ट क्लेंपनर. सिनेमात येण्यापूर्वी हा गृहस्थ मिलवॉकीला हातमोज्यांचा घाऊक व्यापार करत असे, आणि सिनेमाही त्याने त्याच तत्त्वावर चालवला होता. माल एकच, पण एक डाव्या हाताचा आणि एक उजव्या हाताचा.

उजवा हात म्हणजे अमेरिका. इथल्या प्रेक्षकाला शेवटी लग्न लागायचं. नायिका मेली तर तो पुढच्या आठवड्यात दुसऱ्या थिएटरात जाई. डावा हात म्हणजे रशिया. पेट्रोग्राडचा जो व्यापारी कंपनीची चित्रं उचलत असे, त्याने साफ कळवलं होतं, की शेवटी कोणी मरत नसेल तर आमचे लोक त्याला चित्र म्हणत नाहीत, जाहिरात म्हणतात. म्हणून प्रत्येक चित्राला दोन शेवट. दिग्दर्शक आपलं चित्र चुंबनापर्यंत आणून, हात झटकून घरी जाई. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच कपड्यांत, त्याच चौथऱ्यावर तीच जोडी उभी राही, आणि सायरस येऊन त्यांना मारून टाकी. आवारात या कामाला ‘शेपूट’ म्हणत, आणि सायरसला शेपटीवाला. त्याच्या पाठीमागे म्हणत असं नाही. तोंडावरच म्हणत.

सायरस मूळचा ओहायोतल्या झेनियाचा. तिथे त्याच्या मामाचं फर्निचर आणि शवपेट्यांचं दुकान होतं. तिथून तो एका फिरत्या नाटक कंपनीत शिरला, आणि ती कंपनी बेकर्सफील्डला बुडाली, कारण मॅनेजर सिगार घ्यायला म्हणून स्टेशनवर उतरला आणि पुन्हा गाडीत चढलाच नाही. नट मंडळी उपाशीपोटी जिकडे जातात तिकडे, म्हणजे हॉलिवूडला, सायरस बायकोसह आला. त्या काळी घरोघर पाट्या असत, ‘कुत्री आणि सिनेमावाले नकोत.’ सायरसने मालकिणीला आपण शवपेट्यांच्या धंद्यातले असल्याचं सांगितलं. खोली लगेच मिळाली.

त्याने लिहिलेली पहिली पटकथा क्लेंपनरने जेवता जेवता ऐकली होती.

“शेवटी किती उरतात?” क्लेंपनरने पावाने ताट पुसत विचारलं.

“कोणीच नाही, मिस्टर क्लेंपनर.”

“कुत्रा?”

“तोही थडग्यावर प्राण सोडतो.”

“वा!” क्लेंपनर म्हणाला. “अरे, तू तर अस्सल रशियन निघालास. उद्यापासून ये.”

सायरसने दुसऱ्याच दिवशी घोडेस्वाराची विजार, गुडघ्यापर्यंत कातडी पट्टे आणि बोलण्यासाठी एक लांब कर्णा घेतला. दिग्दर्शक असे पट्टे सापांपासून जपण्यासाठी बांधत. सिल्व्हर एकरच्या आवारात एकच साप होता, आणि तो पेंढा भरलेला होता.

त्याची बायको आयडा चौथऱ्याच्या कडेला पेटी वाजवी. चित्र मुकं असलं तरी नटांच्या डोळ्यांत पाणी यायला सूर लागत. ओहायोत ती चर्चमध्ये वाजवत असे. इथे नवरा ज्याला मारणार असेल त्याच्यासाठी वाजवी.

“आज कशाने?” सकाळी पायभात्यावर पाय ठेवत ती विचारी.

“क्षयाने.”

“मग संथ वाजवते. मायर्टलला सांग, खोकताना माझ्याकडे बघून हसू नकोस म्हणावं. मलाही हसू येतं.”

मायर्टल ऑकली कंपनीची नायिका. धट्टीकट्टी, मांसाचे दोन तुकडे सहज खाणारी मुलगी. पण सायरसच्या हाताखाली मरण्यात ती इतकी तरबेज झाली होती, की त्याने कर्णा उचलला की तिचे गुडघे आपोआप वाकत. दुसरे दिग्दर्शक तिच्याकडून प्रेम करवून घेताना घामाघूम होत. सायरसला ती एका झटक्यात मरून दाखवी.

असं सगळं सुरळीत चाललं असताना रशियाने दगा दिला. तिथे झार गेला, मग त्याच्या जागी आलेलेही गेले, आणि पेट्रोग्राडच्या व्यापाऱ्याचं पत्र येणं बंद झालं.

“झार गेला त्याचं मला काय?” क्लेंपनर सगळ्या आवाराला ऐकू जाईल असा ओरडला. “माल उचलायला माणूस नाही त्याचं बोला!”

फिल्म कापून जोडायच्या, म्हणजे कापणीच्या, खोलीत लाल पट्टीच्या डब्यांचा ढीग छताला लागला. शेपटं लाल डब्यांत ठेवायची ही तिथली शिस्त. आता ती कोणाला पाठवायची? फिल्मवर चांदी असते. क्लेंपनरने हुकूम सोडला, की लाल डब्यांत जे काही येईल ते दर शुक्रवारी चांदी काढणाऱ्याच्या गाडीत घालायचं. तो ते वितळवून चांदी देतो, तेवढंच सुटलं. सायरसच्या चार वर्षांच्या कलेतून बऱ्यापैकी चमचे निघाले असते.

आता सायरसला काम काय? सामानाच्या शेडमध्ये पेंढा भरलेल्या सापाशेजारी एक जागा रिकामी होती, आणि क्लेंपनर ती त्याला देऊ बघत होता. नाहीतर झेनिया, मामा आणि शवपेट्या. तेव्हा सायरस आपली पटकथा घेऊन गेला. ‘पुलावरची एलायझा’. पाच रिळांची, पूर्ण, नावासकट स्वतःची. एलायझा ही गिरणीवाल्याची मुलगी. तिचा प्रियकर युद्धात मेल्याची खोटी बातमी येते. ती पुलाच्या कठड्यावर चढते, आणि त्याच वेळी तो घोड्यावरून तिच्याकडे निघालेला असतो.

“आणि पोचतो,” क्लेंपनर म्हणाला.

“एका क्षणाने उशीर होतो, मिस्टर क्लेंपनर. मग तोही तिच्या मागोमाग...”

“पोचतो.”

“पण मग सगळ्याला अर्थ काय राहिला?”

“अर्थ? हे बघ हॅस्ब्रुक, माझे दोन दिग्दर्शक फौजेत गेले, तिसरा कावीळ घेऊन पडलाय. म्हणून तुला चित्र देतोय, तुझ्या अर्थासाठी नाही. तो पोचतो, तिला खाली उतरवतो, लग्न होतं. पोमोनाच्या थिएटरात लोकांना दाखवू. आवडलं तर दिग्दर्शकाचा करार. नाही आवडलं तर साप आहेच.”

सायरस हो म्हणाला. होच म्हणणार. पण मनातल्या मनात त्याने एलायझाला तेव्हाच बुडवलेलं होतं, आणि आजपर्यंत त्याने बुडवलेली एकही बाई वर आलेली नव्हती.

साडेचार रिळं छान झाली. सगळ्यांना आश्चर्य वाटलं, सायरसला सोडून. मग लग्नाच्या शेवटाचा दिवस आला.

त्याने कर्णा उचलला. मायर्टल नायकाच्या मिठीत होती. तिचे गुडघे वाकले, डोळे वर गेले आणि मान लुळी पडली.

“मायर्टल! तू जिवंत आहेस!”

“हो का? सॉरी, मिस्टर हॅस्ब्रुक.”

दुसऱ्यांदा ती उभी राहिली, पण चेहरा शेवटचं बघून घेतल्यासारखा. आयडाने सवयीने प्रेतयात्रेचे सूर धरले होते, ते ऐकून नायकाने टोपी काढली.

“आयडा, लग्न आहे!”

“माहीत आहे रे. आपल्याही लग्नात हेच वाजवलं होतं, वाजवणारीला दुसरं येत नव्हतं.”

“मग मी काय करू?” मायर्टल म्हणाली. “तुम्ही नुसतं सांगता, आनंदी हो. कशाने आनंदी होऊ ते सांगा ना. मरताना कसं, तुम्ही सगळं सांगता. कुठे दुखतं, किती दुखतं.”

सायरसला सांगता येईना. आनंदी माणूस हात कुठे ठेवतो, हेच त्याला ठाऊक नव्हतं. शेवटी त्याने दोघांना शेजारी शेजारी उभं केलं, कॅमेऱ्याकडे बघायला लावलं आणि वरून तांदूळ टाकायला सांगितले. पडद्यावर ते लग्न एखाद्या बँकेच्या उद्घाटनासारखं दिसलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथरा रिकामा असताना, क्लेंपनरला न विचारता, त्याने दुसरा शेवट घेतला. मायर्टलने काही विचारलंच नाही. कठड्यावर चढली, एकदा रस्त्याकडे बघितलं आणि गेली. आयडाने शेवटचा सूर इतका हळू सोडला, की कॅमेरावाला हँडल फिरवायचं थांबवून डोळे पुसू लागला, आणि त्यापायी दोन-चार फूट फिल्म वाया गेली. त्याच संध्याकाळी मायर्टल दुसऱ्या कंपनीत निघून गेली, जिथे म्हणे तिला फक्त हसावं लागणार होतं.

आता सायरसकडे दोन गुंडाळ्या होत्या. एक करार मिळवून देणारी आणि एक खरी.

शुक्रवारी दुपारी तो दोन्ही घेऊन कापणीच्या खोलीत गेला. संध्याकाळी पोमोनाला खेळ होता. कापणीची मुख्य बर्था लिंडक्विस्ट जेवायला गेली होती. सायरसने दोन्ही गुंडाळ्या तिच्या मेजावर ठेवल्या. दोन्हींच्या पाटीवर एकच मजकूर होता, ‘हॅस्ब्रुक, शेवट’. तासाभरात येऊन कोणती लावायची ते सांगू, असं ठरवून तो बाहेर पडला आणि लिंबाच्या झाडाखाली विचार करायला बसला.

विचार करताना तो नेहमी फार उदात्त होई. आधी त्याने करार निवडला. मग मामाचा चेहरा आठवून पुन्हा करारच निवडला. मग आयडाचा तो शेवटचा सूर आठवला, आणि त्याला वाटलं, की क्लेंपनर म्हणजे हातमोजे विकणारा माणूस, आणि आपण कोण? आपण कलावंत. कलावंताने एकदा तरी आपलं माणूस आपल्या हाताने मारलं पाहिजे. हा विचार त्याला इतका आवडला, की तो पुन्हा पुन्हा मनात घोळवता घोळवता दुपार टळली.

तो ताठ मानेने खोलीकडे गेला. खोलीला कुलूप होतं. बर्था चित्र घेऊन मोटारीने पोमोनाला गेली होती, आणि खिडकीतून दिसणारं तिचं मेज झाडून पुसून स्वच्छ होतं.

“म्हणजे तिने एक लावली,” तो आयडाला म्हणाला. दोघं विजेच्या ट्रॅमने पोमोनाला निघाली होती. बाहेर मैलोगणती संत्र्यांच्या बागा सरकत होत्या.

“कोणती?”

“काय माहीत!”

“मग कशाला घाबरतोस? एकात तू कलावंत, दुसऱ्यात नोकरदार. दोन्हींत आपण एकाच घरी परत जाणार.”

“एकात घर झेनियाला असेल.”

“हो,” आयडा म्हणाली, “ते आहे.”

पोमोनाचं थिएटर संत्री भरणाऱ्या बायका, बागवान आणि त्यांची पोरंबाळं यांनी भरलं होतं. क्लेंपनर मागच्या रांगेत सिगार न पेटवता चावत बसला होता. लोक पहिल्या रिळापासून गप्प झाले. तिसऱ्या रिळाला पुढच्या बाईने रुमाल काढला. एलायझा कठड्यावर चढली. दूर रस्त्यावर धुरळा उठला. घोडा. पुन्हा एलायझा. तिने एक हात सोडला. सायरसने आयडाचा हात इतका आवळला, की ती “अरे!” म्हणाली.

आणि पडदा पांढरा झाला.

नुसता पांढरा. पियानोवाला थोडा वेळ वाजवत राहिला, मग तोही थांबून पडद्याकडे बघू लागला. दिवे लागले.

कापणीच्या खोलीतली चूक इतकी सरळ होती, की तिला चूक म्हणणंही अवघड होतं. पाटीवर हॅस्ब्रुक आणि शेवट असे दोन शब्द एकत्र दिसले, की ती गुंडाळी लाल डब्यात, ही शिस्त. बर्थाने दोन्ही लाल डब्यांत टाकल्या. शुक्रवार होता, दुपारी गाडी आली आणि डबे घेऊन गेली. अमेरिकेचा शेवट नेहमी दुसऱ्या दिग्दर्शकाकडून येतो, तसा येईल म्हणून तिने वाट पाहिली. आला नाही. ऑफिसात विचारलं, तर कारकून म्हणाला, साहेबांना सातला चित्र पोमोनाला हवंय, आहे तेवढं न्या. तिने आहे तेवढं नेलं. हे सगळं तिने दाराशी उभ्या उभ्या सायरसला शांतपणे सांगितलं.

“दोन्ही?” सायरसने विचारलं.

“दोन्हींवर तुमचंच नाव होतं, मिस्टर हॅस्ब्रुक. तुमचा शेवट मी कधी घरच्या डब्यात टाकलाय?”

मायर्टल गेली होती, पूल मोडून त्याच्या फळ्यांतून दुसऱ्या चित्रासाठी सराय उभी राहिली होती. सायरस आयडाचा हात धरून बाहेर आला.

बाहेर फुटपाथवर भांडण जुंपलं होतं.

“ती उडी मारणारच नाही,” एक जाडजूड बाई ठासून सांगत होती. ती संत्री भरण्याच्या कारखान्यातली होती, हाताला अजून सालीचा वास. “तिच्या पायात बूट होते. जीव द्यायचा असता तर आधी काढले असते. आमच्या आळीतल्या मिसेस गिबनीने काढले होते.”

“अहो बाई, घोडा बघितलात का?” एक बागवान म्हणाला. “मागच्या उजव्या पायाने लंगडत होता. तो काही वेळेवर पोचत नाही.”

“तुमचा नाही पोचायचा! प्रेम करणाऱ्याचा पोचतो.”

“प्रेमाने घोड्याचा पाय बरा होतो का?”

“हिच्या नवऱ्याला विचारा,” तिसरा कोणी बोलला, “तो लग्नाच्या दिवशीही उशिरा आला होता!”

सगळे हसले, आणि बाईने त्या तिसऱ्याला हातातल्या पिशवीने फटका मारला. पण कोणी घरी जाईना. सायरसला राहवेना. त्याने कातड्याचे पट्टे आवळले आणि तो पुढे झाला.

“माफ करा. हे चित्र मी लिहिलंय, मीच दिग्दर्शित केलंय. ती मरते.”

सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. बाईने तर त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि त्याच्या पट्ट्यांशी येऊन ती थांबली.

“कशावरून?”

“मी... मी तिला मारलं. शेवट घेतला होता. फार सुंदर होता.”

“मग दाखवला का नाहीत?”

“तो... वितळला.”

“ऐका! म्हणे वितळला!” बाई वळून सगळ्यांना म्हणाली. “यांनाच ठाऊक नाही आणि आपल्याला सांगतायत. जा हो साहेब, तुमचा घोडा कुठे बांधलाय तो बघा.”

“ती खरंच मरते हो,” सायरस म्हणाला. चार वर्षांत त्याने इतक्या जणांना मारलं, पण कोणी मेलंय हे पटवून द्यायची वेळ त्याच्यावर प्रथमच आली होती, आणि ते त्याला येत नव्हतं.

तेवढ्यात थिएटरचा मॅनेजर घाम पुसत क्लेंपनरकडे धावत आला. लोक उद्याच्या खेळाची तिकिटं मागत होते. घोड्याचा पाय त्यांना पुन्हा नीट बघायचा होता.

सोमवारी सकाळी क्लेंपनरने करार पुढे सरकवला. “पूर्ण दिग्दर्शक. पडद्यावर नाव. एलायझा आहे तशीच जाणार, शेवटाशिवाय.”

“मिस्टर क्लेंपनर, मला एक दिवस द्या. पुन्हा पूल बांधतो. कोणी दुसरी मुलगी, लांबून, पाठमोरी. मी फुकट...”

“हात लावायचा नाही!” क्लेंपनरने मेजावर थाप मारली. “माणसं आपसात भांडण्यासाठी दोनदा आत जातायत. असा हातमोजा मी जन्मात विकला नाही. पण ही गंमत एकदाच. पुढच्या चित्रांना शेवट लागणार. आणि तो तू घ्यायचा नाहीस.”

“मी नाही?”

“तू घेतलेलं लग्न मी बघितलंय. बर्थाच्या टोपलीत त्याचे कापून टाकलेले दोन तुकडे उरले होते, तांदळासकट. देवा रे! तू सुरुवात कर, मधलं कर. शेवट दुसरा कोणी करेल. लग्नाचा. तसं कलम घातलंय, वाच.”

सायरसने कलम वाचलं. त्यात काहीच अवघड नव्हतं. सही केली नाही तर काय, तेही त्याला ठाऊक होतं. त्याने लेखणी दोनदा शाईत बुडवली, दोनदा निथळू दिली आणि मग सही केली.

“काय झालं?” चौथऱ्यावर आयडा पेटीच्या पट्ट्यांवरची धूळ पुसत होती.

“झालो दिग्दर्शक.”

“मग असं तोंड का?”

“इतकी वर्षं मी दुसऱ्यांची माणसं मारली. आता माझ्या माणसांची लग्नं कोणीतरी परभारे लावून टाकणार.”

“नाव कोणाचं?”

“माझं.”

“मोठ्या अक्षरांत?”

“मोठ्या.”

“मग मुलीकडच्यांनी रडायचं, जेवायचं आणि घरी जायचं,” आयडा म्हणाली. “सगळीकडे तसंच असतं.”

त्यानंतर सायरस हॅस्ब्रुकने बरीच चित्रं केली. प्रत्येक चित्राच्या पहिल्या खेळाला तो नव्या विजारीत हजर असे, आणि शेवटचं रीळ लागायच्या आत टोपी उचलून अंधारातून बाहेर पडे. सिनेमाच्या मासिकांनी याला विनय म्हटलं.